ताइकीतले ते नऊ तास

३१ मार्च २०००, सकाळी ११ च्या आधी

ताइकी हे जपानच्या उत्तरेकडच्या होक्काइदो बेटावरचं, तोकाची भागातलं छोटं गाव. आजूबाजूला कुरणं आणि गोठे. 'युकिजिरुशी', म्हणजे बाहेरच्या जगाला 'स्नो ब्रँड' या नावाने माहीत असलेली जपानमधली तेव्हाची सर्वांत मोठी दूध कंपनी, इथल्या कारखान्यात चीज आणि साय काढलेल्या दुधाची पावडर बनवत असे. कंपनीची मुळं १९२५ साली होक्काइदोतल्या दूध उत्पादकांनी उभारलेल्या सहकारी संस्थेत होती. म्हणजे सहकारी दूध संघांवर वाढलेल्या मराठी वाचकाला ही गोष्ट परकी वाटू नये.

मार्च संपत आला होता. छपरांवर हिवाळाभर साठलेलं बर्फ सुटायला लागण्याचे हे दिवस.

पावडरच्या कारखान्यात दुधाचा प्रवास असा असतो. कच्चं दूध थंड टाकीत येतं. साय नीट सुटावी म्हणून ते कोमट करून सेपरेटरमध्ये सोडतात. साय निघालेलं दूध तापवून जंतू मारले जातात, मग बाष्पीभवन यंत्रात ते आटवतात आणि शेवटी गरम हवेत फवारून त्याची भुकटी करतात. थंड टाकीत दूध सुरक्षित असतं, कारण थंडीत जंतूंची वाढ फार मंदावते. मधल्या कोमट टप्प्यात मात्र त्याला कसलंच संरक्षण नसतं. तिथे ते काही मिनिटंच राहणार, हे गृहीत धरून सगळी यंत्रणा आखलेली असते. दूध वाहतं राहिलं पाहिजे, हीच त्या टप्प्यातली सुरक्षितता.

सकाळी ११ च्या सुमारास

छपरावरून सुटलेलं बर्फ कारखान्याच्या विद्युत कक्षावर कोसळलं आणि त्याचं छप्पर फुटलं. आत पाणी गेलं, शॉर्ट सर्किट झालं आणि कारखान्याची वीज गेली.

या पहिल्याच घटनेपाशी थोडं थांबायला हवं. अन्नसुरक्षा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर प्रयोगशाळा येते, नमुने येतात, जंतूंची मोजणी येते. इथे सगळ्याची सुरुवात एका छपरापासून झाली. 'उत्तम उत्पादन पद्धती' म्हणजे जीएमपीच्या कुठल्याही नियमावलीचं पहिलं प्रकरण इमारतीचंच असतं: जागा, छप्पर, भिंती, निचरा, पाणी, वीज. आपल्याकडे २०११ च्या परवाना नियमांमधली अनुसूची ४ हेच सांगते आणि ती दूध डेअरीपासून फरसाणाच्या कारखान्यापर्यंत सगळ्यांना लागू आहे. परवाना घेताना ही पानं बहुतेक जण भराभर उलटतात. छप्पर गळतंय का, हा प्रश्न फार साधा वाटतो. ज्या गावात दर हिवाळ्यात छपरांवर बर्फ साठतं, तिथे विद्युत कक्षाचं छप्पर ते झेलू शकेल का, हा प्रश्नही तितकाच साधा होता.

वीज गेली तेव्हा सेपरेटरच्या टप्प्यातलं दूध कोमट होतं. ते जिथल्या तिथे थांबलं.

सकाळी ११.३०

या दुधात स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जंतू होता. तो कुणी मुद्दाम आणलेला नव्हता. निरोगी माणसांपैकी बऱ्याच जणांच्या नाकात तो असतो, त्वचेवर असतो, हातावरच्या चिघळलेल्या जखमेत असतो. कासदाह झालेल्या गायीच्या दुधात तर तो बऱ्याचदा सापडतो. कच्च्या दुधात तो थोडाफार असणारच, असं धरूनच डेअरी चालते. थोड्या संख्येत तो निरुपद्रवी असतो.

अनुकूल उबेत त्याची संख्या साधारण अर्ध्या तासात दुप्पट होते. कागदावर हिशेब मांडला तर चार तासांत आठ वेळा दुप्पट, म्हणजे एकाचे २५६ होतात. नऊ तासांत अठरा वेळा दुप्पट, म्हणजे एकाचे अडीच लाखांहून जास्त. प्रत्यक्षात जंतूला जम बसवायला थोडा वेळ लागतो, त्यामुळे आकडा इतका नेमका येत नाही. पण आकड्याची चाल तीच राहते. पहिल्या तासात फारसं काही बिघडलेलं नसतं, आणि नंतरचा प्रत्येक तास आधीच्या सगळ्या तासांपेक्षा भारी पडतो.

संख्या एका मर्यादेपलीकडे गेली की हा जंतू एक विष सोडतो. एंटेरोटॉक्सिन त्याचं नाव. ताइकीत तयार झालं ते 'ए' प्रकारचं. पुढचे पाच महिने समजून घ्यायचे तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी लागेल. दूध तापवलं की जंतू मरतो, विष मात्र टिकतं. पाश्चरायझरमधून ते सहीसलामत जातं. १३० अंशांवर काही सेकंद तापवण्याच्या पद्धतीलाही ते दाद देत नाही. त्याला वास नाही, चव नाही, आणि त्यामुळे दूध फाटतही नाही.

दुपारी १ वाजून ७ मिनिटं

याच वेळी होक्काइदोच्या नैर्ऋत्य भागात उसू ज्वालामुखीचा उद्रेक झाला. बेटावरच्या प्रत्येक दूरचित्रवाणी संचावर त्या दिवशी राखेचे लोट दिसत होते. भूकंपाचे धक्के वाढत चालल्याचं शास्त्रज्ञांनी ओळखलं होतं, सरकारला आधीच सावध केलं होतं, आणि दहा हजारांहून जास्त माणसं वेळेत हलवली गेली होती. उद्रेकात एकही माणूस दगावला नाही.

ताइकीच्या घटनेशी ज्वालामुखीचा काही संबंध नाही. तरी एकाच बेटावरच्या एकाच दुपारच्या या दोन गोष्टी मला शेजारी ठेवाव्याशा वाटतात. डोंगर फुटण्याच्या आधीच 'आता काय करायचं' हे ठरलेलं होतं: कुणी कुणाला कळवायचं, कोणत्या रस्त्याने जायचं, कुठे थांबायचं. वीज बराच वेळ गेली तर नळ्यांमधल्या दुधाचं काय करायचं, याची लेखी कार्यपद्धती ताइकीत नव्हती.

दुपारी २ च्या सुमारास

जवळपास तीन तासांनी वीज आली. पंप फिरू लागले.

दुर्घटना टाळण्याची पहिली संधी इथे होती. इतका वेळ कोमट राहिलेलं दूध ओतून द्यायचं, नळ्या धुवायच्या आणि नव्याने सुरुवात करायची, एवढंच करायचं होतं. नुकसान काही टाक्या दुधाचं झालं असतं. कारखान्याच्या वर्षभराच्या हिशेबात ते शोधावं लागलं असतं.

पण दूध ओतून देणं ही सोपी गोष्ट नाही आणि ते लिहितानाही माझा हात थोडा अडखळतो. पहाटे उठून धारा काढणाऱ्या माणसाला विचारा. दूध सांडलं तरी आपल्याकडे जिवाला लागतं. होक्काइदोच्या शेतकरी कंपनीतही ही भावना असणार, असं मी धरून चालतो. म्हणूनच हा निर्णय त्या क्षणी पाळीवर असलेल्या माणसाच्या मनावर सोडायचा नसतो. 'अमुक अंशांच्या वर अमुक मिनिटं दूध थांबलं तर ते टाकायचं' असं एक वाक्य भिंतीवर आधीच लावलेलं असलं की त्याला दुधाची हळहळ आणि साहेबाची भीती यांच्यात निवड करावी लागत नाही. जीएमपीमधली लेखी कार्यपद्धती कामगाराच्या डोक्यावर बसवलेली कागदपत्रं आहेत, असं समजणाऱ्यांना मी कळकळीने सांगेन की ती कामगाराची ढाल असते.

या कंपनीला तर हे नवीन नव्हतं. १९५५ च्या मार्चमध्ये टोकियोतल्या प्राथमिक शाळांमध्ये दुपारच्या जेवणातल्या दुधामुळे १,९०० हून जास्त जणांना विषबाधा झाली. दूध याच कंपनीच्या होक्काइदोतल्या याकुमो कारखान्याच्या पावडरपासून केलेलं होतं. कारण काय होतं? वीज गेली, त्यातच यंत्र बिघडलं, कच्चं दूध तसंच पडून राहिलं आणि त्यात हाच जंतू वाढला. तेव्हाचे अध्यक्ष सातो मित्सुगी यांनी सगळ्या कर्मचाऱ्यांना उद्देशून एक निवेदन काढलं. विश्वास मिळवायला वर्षं लागतात आणि तो एका क्षणात जातो, असा त्याचा आशय होता. पुढे बरीच वर्षं नव्या कर्मचाऱ्यांच्या हातात ते निवेदन दिलं जाई. १९८० च्या दशकात ही प्रथा बंद पडली.

पंचेचाळीस वर्षांनी तेच बेट, तीच कंपनी, तसाच वीजखंड आणि तोच जंतू. निवेदन होतं, पण त्यातला धडा 'वीज गेल्यावर काय करायचं' अशा चार ओळींच्या सूचनेत उतरून यंत्राशेजारी पोहोचला नव्हता. आठवण माणसांबरोबर निवृत्त होते. कार्यपद्धती टिकवायची तर ती दरवर्षी कुणीतरी वाचावी लागते, नव्या माणसाला शिकवावी लागते आणि तसं घडतंय का ते तपासावं लागतं.

दुपारी ३ ते रात्र

सेपरेटरच्या टप्प्यातलं दूध २० ते ५० अंशांच्या दरम्यान सुमारे चार तास रखडलं होतं, असा घटनेच्या तपासासाठी नेमलेल्या तज्ज्ञ समितीचा नंतरचा अंदाज आहे. आटवण्याच्या टप्प्याशी जोडलेल्या एका टाकीत आणखी काही दूध होतं. ते थंड न करता नऊ तासांहून जास्त वेळ ठेवलं गेलं.

हे नऊ तास मला चार तासांपेक्षा जास्त खुपतात. वीज तर दुपारीच आली होती. पुढचे तास अंधाराचे नव्हते. थंड करण्याची सोय चालू करून टाकीचं तापमान दर तासाला एका वहीत लिहिलं असतं, तर ती वहीच ओरडून बोलली असती. तापमानाची नोंद हे डेअरीतलं सर्वांत कंटाळवाणं काम. पाळी संपताना एका बसणीत सगळे रकाने भरून टाकण्याचा मोह कुठल्याही कारखान्यात होतो. नोंद खरी असेल तर ती बिघाड घडत असताना दिसते. मागाहून भरलेली नोंद तपासनीसाचं समाधान करते, दूध मात्र तसंच तापत राहतं.

१ एप्रिल

त्या दुधाची पावडर तयार झाली आणि पिशव्यांत भरली गेली. जंतू तापवण्यात मेले होते, बरेचसे. विष होतं तसंच होतं. पाणी उडून गेल्याने ते आता भुकटीत होतं, आणि भुकटी महिनोन् महिने टिकते.

१ एप्रिलनंतरचे दिवस

कारखान्याच्या स्वतःच्या तपासणीत या पावडरपैकी काही मालात जंतूंची संख्या कंपनीच्या मर्यादेपेक्षा जास्त आढळली. तपासणीने तिचं काम चोख केलं होतं. काहीतरी बिघडलंय, हे तिने सांगितलं.

ही दुसरी संधी. संख्या जास्त का आली, असा प्रश्न इथे कुणी विचारला असता, तर बोट थेट ३१ मार्चच्या दुपारकडे गेलं असतं. वीज गेल्याचं सगळ्यांना माहीत होतं. पण विचारला गेलेला प्रश्न वेगळा होता: संख्या कमी कशी करायची? त्याचं उत्तर सोपं होतं. पावडर पुन्हा पाण्यात विरघळवा, पुन्हा तापवा, जंतू मरतील, पुन्हा सुकवा.

१० एप्रिल

नापास झालेली पावडर विरघळवून, नव्या दुधात मिसळून पुन्हा पावडर केली गेली. या वेळी जंतूंची संख्या मर्यादेत आली. माल पास झाला.

या दिवसाचं गांभीर्य समजायला वेळ लागतो. १ एप्रिलच्या पावडरवर निदान एक खूण होती, जास्त भरलेली जंतूंची संख्या. १० एप्रिलला ती खूण पुसली गेली. जंतू हेच विषाच्या वाटेवरचे पायाचे ठसे होते. ते गेले, विष राहिलं. आता ही पावडर जगातल्या कुठल्याही डेअरीच्या नेहमीच्या तपासणीत उत्तीर्ण झाली असती. विषाची चाचणी नेहमीच्या कामकाजात सहसा होत नसे. ती महाग आणि वेळखाऊ असते, आणि करायची तरी किती पिशव्यांची?

शेवटी तपासून माल सुरक्षित करता येत नाही, असं अन्न उद्योगातली जाणती माणसं सांगत आली आहेत. ती का सांगतात, ते ताइकीच्या या दहा दिवसांइतकं स्पष्ट क्वचितच दिसेल. चाचणी आजची स्थिती दाखवते. दूध त्या दुपारी किती तास कोमट होतं, हे तिला विचारता येत नाही. ते फक्त बनवणाऱ्याला माहीत असतं, आणि त्याने ते लिहून ठेवलं असेल तरच दुसऱ्याला कळतं. पुनर्वापराबद्दल जीएमपीचा नियम म्हणून कडक असतो. माल का बिघडला याचं कारण हातात आल्याशिवाय तो परत प्रक्रियेत घ्यायचा नाही, आणि कारण सापडलं तरी ते या मार्गाने दूर होणारं आहे का, हे आधी पाहायचं. जंतू तापवून मरतात हे खरं, पण बिघाड जंतूंचा होता की जंतूंनी मागे ठेवलेल्या विषाचा, हा प्रश्न १० एप्रिलला विचारला गेला नाही.

एप्रिल, मे आणि जूनचे तीन आठवडे

पिशव्या गोदामात राहिल्या. त्यातल्या काही विकल्या गेल्या, काही कंपनीच्याच ओसाका कारखान्यात पोहोचल्या. दूध भरपूर असताना पावडर करून ठेवायची आणि मागणी वाढली की ती विरघळवून वापरायची, ही डेअरीची जुनी रीत. आपल्या दूध संघांतही पुष्टकाळातलं जास्तीचं दूध पावडर होऊन कृशकाळात परत बाजारात येतं. त्यात गैर काही नाही. पण याचा अर्थ असा की मार्चमधला एक बिघाड जूनपर्यंत जिवंत राहतो, आणि एका कारखान्याची चूक हजार किलोमीटरवरच्या दुसऱ्या कारखान्याच्या बाटलीत उतरते.

ओसाका कारखाना कागदोपत्री नमुनेदार होता. धोक्याचं विश्लेषण करून महत्त्वाचे टप्पे नियंत्रणात ठेवण्याची पद्धत हॅसप म्हणून ओळखली जाते. अंतराळवीरांच्या अन्नासाठी १९६० च्या दशकात अमेरिकेत ती विकसित झाली. जपानने ती सरकारी मान्यतेच्या रूपात १९९६ पासून आणली आणि ओसाका कारखान्याला १९९८ मध्ये ही मान्यता मिळाली होती. हॅसप ही फार चांगली पद्धत आहे. पण ती जीएमपीवर उभी असते. पाया नसताना बांधलेला वरचा मजला उद्घाटनाच्या दिवशी फोटोत छान दिसतो. नळ्या धुतल्या जात नसतील, तर पाश्चरायझरचं तापमान कितीही काटेकोर मोजलं तरी घात होतो.

२३ जूनच्या आसपास

ओसाकात ताइकीच्या पावडरचं दूध होऊ लागलं. कमी स्निग्धांशाचं, डाएट सांभाळणाऱ्या घरांत आणि लहान मुलं असलेल्या घरांत जाणारं दूध. पश्चिम जपानच्या दुकानांत ते रोजच्या रोज पोहोचत होतं.

२७ जून

वीज गेल्याला ८८ दिवस झाले होते. दूध पिऊन उलट्या होत असल्याची तक्रार कंपनीकडे आली आणि ओसाका शहराच्या आरोग्य केंद्राला विषबाधेची खबर मिळाली. या विषाचा परिणाम झपाट्याने होतो. प्यायल्यानंतर एक ते सहा तासांत मळमळ, उलट्या, पोटात मुरडा, जुलाब. सकाळी न्याहारीला दूध प्यायलेलं मूल दुपारपर्यंत आडवं होतं.

२८ जून

आरोग्य अधिकारी ओसाका कारखान्यात पोहोचले. उत्पादन थांबवा, माल परत घ्या आणि लोकांना सांगा, असं त्यांनी कंपनीला बजावलं. त्याच दिवशी साप्पोरोत कंपनीची भागधारकांची वार्षिक सभा होती आणि वरिष्ठ मंडळी तिकडे होती.

इथून दुसरी उलटी गणती सुरू झाली, आणि ती पहिलीपेक्षा क्रूर होती, कारण आता प्रत्येक तासागणिक माणसं आजारी पडत होती. सूचना मिळाली होती. दुकानांत दूध विकलं जात होतं. घराघरांत फ्रिज उघडले जात होते.

२९ जून

विषबाधा झाली आहे आणि माल परत घेतला जात आहे, हे या दिवशी लोकांसमोर आलं. कंपनीची पत्रकार परिषद व्हायला रात्र झाली. पहिल्या तक्रारीनंतर तोवर दोन दिवस गेले होते.

माल परत घेण्याची तयारी हाही उत्पादन पद्धतीचाच भाग. कोणत्या तारखेचा, कोणत्या यंत्रावरचा माल कोणत्या दुकानात गेला, हे तासाभरात सांगता आलं पाहिजे. निर्णय कुणी घ्यायचा, तो माणूस गावाला असेल तर त्याच्या जागी कोण, हेही आधी ठरलं पाहिजे. दोन-चार तक्रारींवर एवढा मोठा ब्रँड बाजारातून काढायचा का, हा विचार त्या क्षणी डोक्यात येणं स्वाभाविक आहे. म्हणूनच तो विचार आधीच, शांत डोक्याने करून ठेवायचा असतो.

३० जून ते २ जुलै

ओसाका शहराने माल परत घेण्याचा अधिकृत आदेश काढला. १ जुलैच्या पत्रकार परिषदेत आणखी एक गोष्ट बाहेर आली. कारखान्यातल्या एका व्हॉल्व्हमध्ये दहा येनच्या नाण्याएवढा सुकलेल्या दुधाचा थर सापडला होता. आठवड्यातून एकदा तो व्हॉल्व्ह उघडून धुवायचा नियम होता आणि तीन आठवडे तो धुतलेला नव्हता. अध्यक्ष इशिकावा तेत्सुरो यांनाही हे तिथेच, पत्रकारांसमोर कळलं. परत आलेलं दूध पुन्हा वापरलं जात असल्याचं, काही मिश्रण उघड्यावर केलं जात असल्याचंही पुढच्या दिवसांत उजेडात आलं.

२ जुलैला ओसाका प्रांताच्या सार्वजनिक आरोग्य संस्थेला त्या दुधात एंटेरोटॉक्सिन ए सापडलं. शहराने कारखाना बंद केला.

४ ते ११ जुलै

पत्रकार मागे लागलेले असताना इशिकावा यांच्या तोंडून आपण झोपलेलो नाही, अशा अर्थाचं वाक्य निघालं. इस्पितळात सलाइन लावलेल्या मुलांच्या आईबापांनी ते दूरचित्रवाणीवर ऐकलं. दोनच दिवसांनी त्यांचा राजीनामा जाहीर झाला. देशभरातल्या दुकानांनी कंपनीचा सगळा माल काढून टाकला, ज्याचा ओसाकाशी संबंध नव्हता तोही. ११ जुलैला कंपनीने देशभरातल्या आपल्या पिण्याच्या दुधाच्या कारखान्यांचं काम थांबवण्याचं ठरवलं.

सगळे तो व्हॉल्व्ह धरून बसले होते. गलिच्छ व्हॉल्व्ह हा डोळ्यांना पटणारा आरोपी होता, पण एवढ्या हजारो लोकांच्या आजाराचा खुलासा त्यातून होईना. खरा उगम दुसरीकडेच होता. तरीही त्या व्हॉल्व्हला निर्दोष म्हणून सोडून देता येत नाही. तीन आठवडे न धुतलेला व्हॉल्व्ह आणि नऊ तास न थंडावलेली टाकी एकाच सवयीची दोन रूपं आहेत. नियम लिहिलेला आहे, आज नाही पाळला तरी काल काही झालं नव्हतं, म्हणून उद्याही काही होणार नाही, असं मानण्याची ती सवय.

१८ ते २३ ऑगस्ट

वीज गेल्याला १४० दिवस झाले तेव्हा ताइकीच्या पावडरमध्ये तेच विष सापडल्याचं ओसाकातून जाहीर झालं. होक्काइदोचे अधिकारी ताइकीत गेले. १० एप्रिलच्या मालाच्या राखून ठेवलेल्या नमुन्यांतही ते मिळालं. कारखान्याच्या नोंदी मागे मागे उलगडत गेल्यावर तपास ३१ मार्चच्या सकाळी ११ वाजेपर्यंत पोहोचला.

राखून ठेवलेले नमुने आणि पिशवीवरची तारीख हीदेखील जीएमपीचीच शिस्त, आणि ती या कारखान्यात शाबूत होती. ती नसती तर जगाने आजवर त्या व्हॉल्व्हलाच दोषी धरलं असतं, आणि ताइकीत पुढच्या वीजखंडाच्या वेळी पुन्हा तेच घडलं असतं.

२० डिसेंबर आणि पुढे

तज्ज्ञ समितीचा अंतिम अहवाल आला. १४,७८० जणांनी त्रास झाल्याचं कळवलं होतं. त्यातले १३,४२० रुग्ण विषबाधेचे म्हणून नोंदले गेले. संशोधकांच्या अंदाजाने एकेका माणसाच्या पोटात गेलेलं विष अवघं २० ते १०० नॅनोग्रॅम होतं. एक नॅनोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा अब्जावा भाग.

कंपनी त्यातून सावरली नाही. २००२ च्या जानेवारीत तिच्या मांस विकणाऱ्या उपकंपनीने परदेशी गोमांस देशी म्हणून दाखवल्याचं उघड झालं, आणि ती उपकंपनी त्याच वर्षी बंद झाली. २००३ च्या जानेवारीत दुधाचा धंदा वेगळ्या कंपनीत गेला. जपानच्या अन्न कायद्यात जून २०२१ पासून हॅसप सगळ्यांना बंधनकारक आहे. त्या तरतुदीत सर्वसाधारण स्वच्छतेची व्यवस्था आधी मांडली आहे आणि हॅसप त्यानंतर.

२७ मे २००३ रोजी ओसाकाच्या जिल्हा न्यायालयाने ताइकी कारखान्याच्या तेव्हाच्या अधिकाऱ्यांना निष्काळजीपणाने लोकांना इजा केल्याबद्दल दोषी ठरवलं आणि शिक्षा स्थगित ठेवली. छपरावरून बर्फ पडल्याबद्दल किंवा वीज गेल्याबद्दल हा खटला नव्हता. १ एप्रिलची नापास पावडर फेकून न देता १० एप्रिलला पुन्हा वापरली, हा त्यांच्यावरचा आरोप होता.